हद्द आधी, तपासणी नंतर: गोव्यातल्या हॉटेलच्या इंटर्नल ऑडिटची आखणी

‘खरेदी विभागाचं ऑडिट करा’ एवढ्या एका ओळीवर काम हाती घेतलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिले दोन आठवडे व्हाउचरांच्या फायली चाळण्यात जातात. तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येतं की बारचा साठा अजून पाहिलाच नाही. मग घाईघाईने अहवाल तयार होतो आणि त्यात ‘बिलावर सही नाही’, ‘तारीख खाडाखोड केलेली’ छापाचे चाळीस मुद्दे असतात. व्यवस्थापन ते वाचतं, ‘दुरुस्ती करू’ असं लिहून देतं, आणि पैसे जिथून गळत होते तिथून गळतच राहतात. बहुतेक वेळा तपासणारी माणसं हुशारच असतात. चूक झालेली असते ती तपासणी सुरू होण्याआधी.

पुढची पद्धत कुठल्याही धंद्याला लावता येते, पण समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, कांदोळी-कळंगुट पट्ट्यातलं १२० खोल्यांचं हॉटेल आहे. दोन रेस्टॉरंट, एक बार, लग्नांसाठी लॉन. खाण्यापिण्याची आणि पाहुण्यांच्या वस्तूंची वर्षाची खरेदी ९ कोटी रुपये: मासे-मटण-चिकन २.६ कोटी, दारू २.४ कोटी, भाजी-फळं-दूध १.७ कोटी, किराणा १.५ कोटी, बाकीचं ०.८ कोटी. वर्षाला सुमारे ६,००० बिलं, २१० पुरवठादार. काम आहे खरेदीपासून पैसे देण्यापर्यंतच्या प्रक्रियेचं ऑडिट.

अधिकार कुठून येतो ते आधी पाहा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे सर्व लिस्टेड कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो. खासगी कंपनीची मागच्या आर्थिक वर्षातली उलाढाल २०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज त्या वर्षात कधीही १०० कोटींवर गेलं असेल, तर तिलाही. आपल्या उदाहरणातलं एकटं हॉटेल यात बसणार नाही, पण ते मोठ्या कंपनीचा भाग असेल तर बसू शकतं. कंपनीच्या वैधानिक ऑडिटरला (कायद्याप्रमाणे वर्षाचे हिशेब तपासणाऱ्याला) हे काम देता येत नाही, कलम १४४ ते थेट मना करतं. नियम असंही सांगतो की कामाची व्याप्ती, पद्धत आणि किती दिवसांनी करायचं हे ऑडिट कमिटी किंवा संचालक मंडळ इंटर्नल ऑडिटरशी बोलून ठरवील. म्हणजे हद्द एकट्या फायनान्स मॅनेजरने ठरवायची नसते, आणि ऑडिटरनेही एकट्याने नाही.

व्यावसायिक मानकांत आयसीएआयचं (भारतातल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचं) इंटर्नल ऑडिटचं मानक एसआयए ३१० हे एका विशिष्ट कामाच्या नियोजनासाठीच आहे. आयआयएची (इंटर्नल ऑडिटरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) नवी जागतिक मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. त्यातलं तेरावं तत्त्व सगळं याच विषयाला वाहिलेलं आहे: कळवणं, जोखीम, उद्दिष्ट आणि व्याप्ती, निकष, माणसं-वेळ आणि कामाचा तक्ता. लेखाचा क्रमही साधारण तोच.

गोव्यात एक गोष्ट कागद हाती घेण्याआधीच तपासावी लागते. इथे कितीतरी हॉटेलांची मालकी एकाकडे आणि चालवणारी साखळी दुसरीच असते. ऑडिट मालकाच्या बाजूने असेल तर व्यवस्थापन करारातलं ऑडिटचं कलम आधी वाचा. कुठली वही, कुठली सिस्टीम, किती दिवसांची पूर्वसूचना, हे तिथे लिहिलेलं असतं. चालवणाऱ्या कंपनीच्या मध्यवर्ती खरेदीचे दर पाहण्याचा हक्क करारात नसेल, तर ते फील्डवर्कच्या (जागेवरच्या तपासणीच्या) पाचव्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

टीममधल्या कोणीही गेल्या १२ महिन्यांत त्याच प्रक्रियेची जबाबदारी सांभाळलेली नसावी. नात्यागोत्याचंही विचारा. गोवा लहान आहे. पुरवठादार टीममधल्या कोणाच्या वाड्यावरचा निघणं यात नवल काहीच नाही, पण ते लेखी जाहीर झालेलं असावं आणि त्या माणसाला तो भाग देऊ नये.

पहिले चार दिवस: फक्त समजून घ्या

मागचे इंटर्नल ऑडिट अहवाल, त्यातले अजून न मिटलेले मुद्दे, वैधानिक ऑडिटरने व्यवस्थापनाला दिलेलं पत्र, खरेदी धोरण, मंजुरीच्या मर्यादांचा तक्ता, मोठ्या पाच पुरवठादारांचे करार आणि दर महिन्याचा फूड कॉस्ट व बेव्हरेज कॉस्टचा अहवाल. एवढं वाचायला दीड दिवस पुरतो.

उरलेला वेळ जागेवर घालवा. एक व्यवहार इंडेंटपासून (विभागाने केलेल्या मालाच्या मागणीपासून) बँकेतून पैसे जाईपर्यंत हाताने मागे-पुढे चालून पाहायचा, यालाच वॉकथ्रू म्हणतात. ऑफिसात बसून खरेदी मॅनेजरने रंगवलेलं चित्र म्हणजे वॉकथ्रू नव्हे. मासे सकाळी उतरतात, त्या वेळी माल घेण्याच्या दारापाशी उभं राहा. काटा कोणाच्या ताब्यात आहे? क्रेटचं वजन आणि बर्फ वजा होतं का? वजन सिस्टीममध्ये लगेच चढतं की स्टोअरकीपर वहीत टिपतो आणि दुपारी बिल पाहून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतो? दुसरं होत असेल, तर जीआरएनवरचं वजन हे बिलातलंच वजन असतं. ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद जुळवून काहीच सिद्ध होत नाही, कारण जीआरएनचा आकडा बिलावरूनच आलेला असतो. ‘ऑर्डर, जीआरएन, बिल जुळले’ असं लिहून समाधान मानणारी ऑडिटं इथेच फसतात.

दारापाशी काम करणारे लोक कोकणीत बोलतात, नाहीतर हिंदीत. टीममध्ये निदान एकाला कोकणी नीट येत असावी. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला ‘येस सर’ हे उत्तर मिळतं. कोकणीत विचारलं की काटा गेल्या महिन्यापासून बिघडलेला आहे हे कळतं.

जोखमी लिहा, पण गुणाकारावर फार विसंबू नका

प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं ते एका वाक्यात लिहा: कारण, घटना, परिणाम. ‘खरेदीत गैरव्यवहाराची जोखीम’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘मासे बर्फासकट तोलले गेल्याने न आलेल्या वजनाचे पैसे जातात’ याच्यावर चाचणी बांधता येते. मग शक्यता १ ते ५ आणि परिणाम १ ते ५, असे गुण देऊन त्यांचा गुणाकार करा. नियंत्रणं (चूक वा लबाडी रोखणाऱ्या व्यवस्था) विचारात न घेता आधी, घेऊन नंतर.

आकडा सांगायचा तर असा. समजा रोज ४० किलो मासे येतात, त्यात ३ किलो बर्फ आणि भाव सरासरी ७०० रुपये. रोजचे २,१०० रुपये, ३०० दिवसांचे ६.३ लाख. हा हिशेब जोखमीच्या तक्त्यात टाकला की परिणामाचा गुण ३ की ४ यावर वाद घालायची वेळ येत नाही.

मासळीच्या भावाचं वेगळं. मोठी मासेमारी गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंद असते. त्या काळात इसवण, पापलेट, कोळंबी यांचे भाव चढतात, माल बाहेरून किंवा गोठवलेला येतो. दर ठरलेला नसतो, सकाळी फोनवर ठरतो. म्हणून जून-जुलैतली दरवाढ पाहून ‘गैरव्यवहार’ असं लिहिणारा ऑडिटर तोंडघशी पडतो. उलट दुसरी बाजूही आहे. कोणालाही पटण्यासारखं कारण तयार असल्यामुळे वाढवलेला दर लपवायला हेच दोन महिने सोयीचे. ऑगस्टात बंदी उठून भाव उतरल्यावर हॉटेलचा दर किती दिवसांनी उतरला, हे पाहणं जास्त बोलकं ठरतं.

बारच्या जोखमीवर जरा थांबायला हवं, कारण नेहमीची चाचणी इथे हमखास चुकीच्या जागी लावली जाते. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. सुरुवातीचा साठा, अधिक आलेला, वजा शेवटचा साठा, म्हणजे वापर. तो पीओएसवरच्या (बिल करायच्या सिस्टीमवरच्या) विक्रीशी ताडून पाहायचा. पाण्याची भेसळ सोडली, तर पेग कमी मापाने ओतणं, बिल न करता देणं, सांडलवंड वाढवून दाखवणं, हे या हिशेबात दिसतं. पण बारटेंडरने बाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने बाटली आणली, तिचे पेग रोखीने विकले आणि पैसे खिशात घातले, तर हॉटेलचा साठा मिलीलिटरपर्यंत जुळतो. गेलेली असते ती हॉटेलची विक्री. गोव्यात दारूचं दुकान पावलापावलावर आहे आणि दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आहे, म्हणून ही जोखीम इथे जास्त धरायची. ती पकडायची तर बाटलीवर हॉटेलची स्वतःची खूण, रिकामी परत घेतल्याशिवाय भरलेली न देणं आणि रात्री अचानक जाऊन काउंटरवरच्या बाटल्यांच्या खुणा पाहणं, याच चाचण्या लागतात. साठा मोजणीचे दिवस कितीही वाढवले तरी उपयोग नाही.

गुणाकाराबद्दल. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बनावट ईमेलवरून बदलला जाणं: शक्यता २, परिणाम ५, गुण १०. भाजीच्या बिलात किरकोळ चूक: शक्यता ५, परिणाम २, गुण तेही १०. तक्त्यात दोन्ही शेजारी बसतात, पण पहिली गोष्ट एकदाच घडून महिन्याचं पेमेंट घेऊन जाते. परिणाम ५ असलेली प्रत्येक जोखीम, गुण कितीही असोत, व्याप्तीत घ्या किंवा न घेण्याचं कारण लिहा.

उद्दिष्ट

जोखीम नीट लिहिली असेल तर उद्दिष्ट आपोआप निघतं. ‘मासे-मटणाचे पैसे प्रत्यक्ष आलेल्या निव्वळ वजनाचे आणि त्या दिवशी मंजूर झालेल्या दराचेच जातात का, हे तपासणे.’ ‘पुरवठादाराच्या बँक तपशिलातला बदल दोन वेगळ्या माणसांच्या पडताळणीशिवाय होत नाही का, हे तपासणे.’ अशी चार, फार तर पाच उद्दिष्टं. सात झाली की समजा, दोन ऑडिटं एकात कोंबली आहेत.

व्याप्ती: आत काय, बाहेर काय

व्याप्तीत पाच गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात. प्रक्रिया कुठून कुठपर्यंत: आपल्या उदाहरणात इंडेंट उठल्यापासून बँकेतून पैसे जाईपर्यंत, आणि बारसाठी त्याच्याही पुढे, विक्रीच्या नोंदीपर्यंत. कोणत्या जागा: मुख्य स्टोअर, बार, दोन्ही किचन, लग्नाच्या लॉनचं तात्पुरतं स्टोअर. हे शेवटचं नेहमी विसरलं जातं, आणि मोठ्या कार्यक्रमाला निघालेली पण परत न आलेली दारू तिथेच हरवते. कोणता काळ. कोणत्या सिस्टीम. आणि काय पाहणार नाही.

काळाबद्दल. आर्थिक वर्ष सोयीचं वाटतं, पण गोव्यातल्या हॉटेलला ऑक्टोबर ते सप्टेंबर हे बारा महिने जास्त योग्य. सीझन सलग येतो, नंतरचा पावसाळाही सलग येतो. फक्त एप्रिल ते सप्टेंबर घेतलं, तर नाताळ-नवीन वर्षाची गर्दी आणि डिसेंबर-जानेवारीतली लग्नं निसटतात. तेव्हाच तातडीची खरेदी होते, तेव्हाच मंजुरी ‘नंतर घेऊ’ म्हणून राहते. काळाच्या मधोमध एखादा नियम बदलला असेल तर तीही रेघ आखून ठेवा. उदाहरणार्थ, २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ टक्के होता आणि क्रेडिट मिळत होतं. त्याहून महाग खोल्यांना १८ टक्के आणि क्रेडिट. हॉटेलात दोन्ही प्रकारच्या खोल्या असतील, तर खरेदीवरचं क्रेडिट किती घ्यायचं हा प्रश्न त्या तारखेपासून बदलतो. तेव्हा त्या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे नमुने वेगळे घ्या.

आता बाहेर काय ठेवलं. हा परिच्छेद लिहायला लोक घाबरतात, कारण पुढे तिथेच काही निघालं तर? म्हणूनच लिहायचा. ‘बांधकाम व यंत्रसामग्रीची खरेदी: मागच्या वर्षी स्वतंत्र ऑडिट झालं, दोन्ही मोठे मुद्दे मिटले. लाँड्रीचं कंत्राट: रक्कम कमी, दर वर्षाचा ठरलेला. पगार: वेगळं काम.’ प्रत्येकापुढे कारण. ‘वेळेअभावी’ हे कारण चालत नाही. वेळ कमी असेल तर ऑडिट कमिटीपुढे दोन पर्याय ठेवा, अमुक दिवसांत एवढं, तमुक दिवसांत तेवढं, आणि निवड त्यांना करू द्या.

मधला मार्गही असतो. किराणा आणि भाजी मिळून ३.२ कोटी, पण दर करारावर, पुरवठादार ठरावीक. त्यांना पूर्ण बाहेर न ठेवता फक्त डेटावर तपासायचं: दर करारापेक्षा जास्त कुठे लागला, तेच बिल दोनदा कुठे चढलं. जागेवरची तपासणी नाही. ‘हलकी तपासणी’ असा शब्द मात्र वापरू नका. ‘फक्त डेटा विश्लेषण, कागद पाहणार नाही’ असं सरळ लिहा.

निकष कशाचे

‘योग्य आहे का’ हे कशाशी ताडून ठरवणार, ते आधी व्यवस्थापनाकडून मान्य करून घ्या. हॉटेलचं खरेदी धोरण, मंजुरीचा तक्ता, करार, किचनची स्वतःची यील्ड कार्डं (कच्च्या मालातून वापरण्याजोगा किती निघतो त्याची). कायद्याचे काही निकष ठाम आहेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च प्राप्तिकरात नामंजूर होतो. थेट मासे पकडणाऱ्याकडून घेतलेल्या माशांना सवलत आहे, पण दलाल-व्यापाऱ्याकडून घेतलेल्यांना ती नाही. मडगावच्या घाऊक बाजारातून आणि बंदरावरून रोखीने माल येत असेल, तर ‘समोरचा नेमका कोण’ हा प्रश्न निकषातच घालावा लागतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांतल्या उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पावसाळ्यात रोकड आटली की हॉटेलं नेमकी याच ठिकाणी अडखळतात.

धोरणच नसेल तर? मग ‘धोरण नाही’ हा पहिला मुद्दा, आणि निकष म्हणून रास्त पद्धत काय धरणार ते मॅनेजरशी बोलून लिहून ठेवायचं. अहवालाच्या दिवशी नव्याने शोधलेला निकष कोणीही मान्य करत नाही.

नमुना किती

सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा: महिन्यातून एकदा होणाऱ्या नियंत्रणाचे २ ते ५ नमुने, आठवड्यातून एकदा होणाऱ्याचे ५ ते १५, रोज होणाऱ्याचे २० ते ४०, दिवसातून अनेकदा होणाऱ्याचे २५ ते ६०. जोखीम जास्त तसं वरच्या टोकाकडे.

पण आकड्याचा अर्थ काय ते कळायला हवं. २५ नमुन्यांत एकही चूक सापडली नाही, तर ९० टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण साधारण ९ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ९५ टक्के विश्वासाने ५ टक्क्यांच्या आत आहे असं म्हणायचं असेल, तर ५९ नमुने लागतात आणि एकही चूक चालत नाही. आणि ६,००० बिलांत एकच खोटं बिल असेल, तर २५ च्या नमुन्यात ते येण्याची शक्यता २४० मध्ये एक. म्हणून नियंत्रण चालतं का हे नमुन्याने पाहावं, लबाडीचा शोध मात्र सगळ्या डेटावर घ्यावा: दुबार बिलं, सुट्टीच्या दिवशीची बिलं, मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली तोडलेल्या ऑर्डरी, पुरवठादार आणि कर्मचारी यांचे समान तपशील. या शेवटच्या चाचणीत आडनावं आणि पत्ते जुळवू नका. नाईक, गावकर, फर्नांडिस, डिसोझा यांनी यादी भरून जाईल आणि एकाच वाड्यावरची निम्मी माणसं संशयित ठरतील. बँक खाते, पॅन, मोबाइल नंबर एवढंच जुळवा.

माल उतरवण्याच्या तपासणीसाठी ४० दिवस निवडले, तर ते सरसकट उचलू नका. १५ डिसेंबर ते १० जानेवारीतले १०, मासेमारी बंदीतले ८, उरलेल्या वर्षातले २२. गटांतले निकाल वेगळे लिहा. तीन गटांची मिळून सरासरी काढली की सीझनचं अपयश पावसाळ्याच्या शिस्तीत विरघळतं.

वेळ, माणसं आणि कॅलेंडर

तीन माणसं, प्रत्येकी १५ दिवस, एकूण ४५ मनुष्यदिवस. त्यातले आखणीला १०, फील्डवर्कला २५, चर्चा आणि मसुद्याला ७, वरिष्ठांच्या तपासणीला ३. फील्डवर्कचे २५ असे: मासे-मटण ७, बार ६, पेमेंट आणि व्हेंडर मास्टर (सिस्टीममधली पुरवठादारांची यादी) ५, किराणा-भाजीचा डेटा ३, कर २, अचानक मोजणी २. आखणीचे १० दिवस पाहून कोणीतरी नक्की विचारेल की एवढे कशाला. तिथे तडजोड करायची तर फील्डवर्कमधले कमी करा. आखणीतून वाचवलेला एक दिवस पुढे दुप्पट होऊन परत येतो.

तारखा धरताना गोव्याचं कॅलेंडर समोर ठेवा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हॉटेलात कोणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि चवथीच्या आठवड्यात अर्धा स्टाफ गावी असतो. कार्निव्हलचे चार दिवसही सोडा. फील्डवर्कसाठी ऑडिटचा काळ संपल्यावर लगेचचे पहिले आठवडे बरे, सीझन भरात येण्याआधीचे. पण अचानक मोजणी सुन्या दिवसांत करून काही कळत नाही. ती एक काळ चालू असताना भर सीझनमध्ये, दुसरी पावसाळ्यात. या दोन तारखा हॉटेलला जाणाऱ्या पत्रात लिहायच्या नाहीत. आखणीच्या नोटमध्ये बंद पाकिटासारख्या वेगळ्या पानावर राहतात, फक्त ऑडिट प्रमुखाला माहीत.

डेटा मागताना

‘खरेदीचा डेटा द्या’ असं मागितलं की पीडीएफ येते. मागणी अशी करा:

- संपूर्ण काळाचं खरेदी रजिस्टर, एक्सेलमध्ये, ओळनिहाय: ऑर्डर क्रमांक, जीआरएन क्रमांक व वेळ, बिल क्रमांक, वस्तू, नग किंवा वजन, दर, कोणी नोंदवलं, कोणी मंजूर केलं.
- व्हेंडर मास्टर आणि त्यातल्या बदलांचा लॉग, जुना व नवा तपशील दोन्हींसह.
- बँकेतून गेलेल्या पेमेंट फायली.
- पीओएसची पेय विक्री, रद्द केलेली व कॉम्प्लिमेंटरी बिलं धरून.
- सिस्टीममधल्या सगळ्या युजरांची यादी, अधिकारांसकट. नोकरी सोडून गेलेले धरून.

आलेला डेटा वापरण्याआधी त्याची बेरीज लेजरशी जुळवा आणि जीआरएनच्या क्रमांकांत खाडे आहेत का पाहा. दोन लाखांचा फरक असेल तर आधी तो सोडवा. नाहीतर अहवालाच्या बैठकीत पहिलाच प्रश्न तोच येईल आणि बाकीचं कोणी ऐकणार नाही. पाहुण्यांची नावं, पासपोर्ट, फोन यांची या कामाला गरज नाही. ती काढून टाकूनच डेटा मागा.

पत्र, पहिली बैठक, कामाचा तक्ता

फील्डवर्कच्या दोन-तीन आठवडे आधी पत्र जावं: उद्दिष्टं, व्याप्ती, काय बाहेर, टीम, तारखा, डेटाची यादी आणि तो कधीपर्यंत हवा, संपर्काचा माणूस. पहिल्या बैठकीला जनरल मॅनेजर, खरेदी प्रमुख, फायनान्स कंट्रोलर आणि एक्झिक्युटिव्ह शेफ हवेत. शेफला विसरू नका. दर फोनवर कोण ठरवतं ते त्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुमच्या मते आम्ही काय पाहायला हवं जे या यादीत नाही?’ उत्तरातून कधी खरी जोखीम मिळते, कधी कोणाला कोणाचा काटा काढायचा आहे ते कळतं. दोन्ही उपयोगाचं.

कामाच्या तक्त्यात प्रत्येक चाचणीपुढे जोखमीचा क्रमांक, पावलं, नमुना, कोणता पुरावा ठेवायचा, कोण करणार, किती तास. ज्या चाचणीपुढे जोखमीचा क्रमांक बसत नाही ती काढून टाका, ती मागच्या वर्षीच्या फाइलमधून आलेली असते. तक्ता ऑडिट प्रमुखाने काम सुरू होण्याआधी मंजूर केलेला असावा, तारखेसह. पुढच्या बदलांनाही तीच मंजुरी.

मध्येच हद्द हलली तर

हलतेच. जनरल मॅनेजर म्हणतो, आलाच आहात तर स्पाही पाहा. अशा वेळी ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन्ही तोंडी देऊ नका. एक पान: काय वाढवायचं, का, किती दिवस, त्याच्या बदल्यात काय कमी किंवा कोणती तारीख पुढे. मूळ आखणी ज्याने मान्य केली त्याचीच सही.

उलटंही होतं. पेमेंटच्या फायली मिळत नाहीत, सिस्टीमचा लॉग ‘सॉफ्टवेअर व्हेंडरकडे मागितला आहे’. पहिली आठवण तिसऱ्या दिवशी लेखी, पाचव्या दिवशी जनरल मॅनेजरकडे, आठव्या दिवसापर्यंत न आल्यास ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे. तरीही न मिळाल्यास कोणत्या उद्दिष्टावर मत देता आलं नाही हे अहवालाच्या पहिल्या पानावर जातं. शेवटच्या परिशिष्टात नव्हे.

व्याप्तीबाहेर काही गंभीर दिसलं, म्हणजे लाँड्रीच्या बिलांवर दर महिन्याला तोच खोटा शिक्का दिसला, तर ‘हे आमच्यात येत नाही’ म्हणून पान उलटू नका. पुराव्याची प्रत ठेवा, त्याच दिवशी ऑडिट प्रमुखाला सांगा, आणि स्वतः खोलात न शिरता वेगळ्या तपासाचा निर्णय त्यांच्याकडे सोपवा. आखणीच्या नोटमध्ये लाँड्री बाहेर ठेवण्याचं कारण ‘रक्कम कमी’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली आजची तारीख टाकून काय दिसलं त्याची नोंद करा, जुनी ओळ खोडू नका.